बाळ हरवतं आणि सगळे आईच्या तोंडाकडे बघतात

गेल्या आठवड्यात शारी लॅपेनाची 'द कपल नेक्स्ट डोअर' वाचून संपवली आणि तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, की यार आपण संशय नेमका कुणावर घेतो आणि का घेतो. २०१६ साली आलेली कादंबरी आहे, लेखिका कॅनडातली, आधी वकिली केलीये, इंग्रजीही शिकवलंय, आणि ही तिची पहिलीच सस्पेन्स कादंबरी. बऱ्याच जणांनी वाचली असेल, पण ज्यांनी नाही वाचली त्यांच्यासाठी सुरुवात सांगते. शेवटाबद्दल बोलायच्या आधी सांगेन, तोपर्यंत बिनधास्त वाचा.

न्यूयॉर्क राज्यातलं एक शहर, एकमेकांना चिकटून असलेली घरं, मध्ये एकच भिंत. अ‍ॅन आणि मार्को कॉन्टी, त्यांची सहा महिन्यांची मुलगी कोरा. शेजारच्या ग्रॅहमचा चाळिसावा वाढदिवस आहे, जेवायला बोलावलंय, आणि शेजारीण सिंथिया म्हणते की बाळाला आणू नका, रडलं की पार्टीचा विचका होतो. सांभाळायला येणारी मुलगी ऐनवेळी नाही म्हणते. मग नवरा म्हणतो अगं भिंतीपलीकडेच तर आहोत, बेबी मॉनिटर घेऊन जाऊ, दर अर्ध्या तासाने आळीपाळीने जाऊन बघून येऊ. अ‍ॅनला मनातून पटत नसतं, पण ती जाते. रात्री दीडच्या सुमारास दोघं घरी येतात तर पुढचं दार किलकिलं उघडं आणि पाळण्यात कोरा नाही.

बस्स, एवढीच सुरुवात. आणि इथून पुढे लेखिकेने जे केलंय ते मला फार हुशारीचं वाटलं. बाळाला एकटं ठेवायचं हे ठरवलं कुणी? नवऱ्याने. बायको नको म्हणत होती. पार्टीत शेजारणीशी लगट करत बसला होता तो कोण? नवरा. धंदा गाळात गेलेला, पैशाची चणचण, सासरच्या पैशावर डोळा, हे सगळं कुणाचं? परत नवऱ्याचंच. आणि तरीही वाचताना पहिले शंभर-एक पानं आपली नजर हलत नाही ती अ‍ॅनवरून. कारण लेखिका आपल्यापुढे तिच्याबद्दलच्या बारीक बारीक गोष्टी टाकत जाते. ती बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनमध्ये आहे, डॉक्टरकडे जाते. अंगावर पाजत असूनही त्या रात्री वाइन प्यायली. अकरा वाजता ती घरी आली तेव्हा तिने बाळाचे कपडे बदलले आणि हे पोलिसांना लगेच सांगितलंच नाही, मग तो गुलाबी झबल्यासारखा कपडा घरातच सापडतो आणि डिटेक्टिव रासबाख तिच्याकडे नुसता बघत राहतो. बाकी तिचा सगळा गुन्हा म्हणजे ती थकलेली आहे, वजन उतरलेलं नाही, आणि शेजारीण एकदम टापटीप. सांगा ना, यात पुरावा काय आहे? काहीच नाही. पण वाचताना आपण मनात पुरावा म्हणून जमा करत जातो.

मला वाटतं अशा कादंबऱ्यांचा सगळा डोलारा यावरच उभा असतो. बाळ नाहीसं झालं की आपण दाराची कडी, खिडकी, घरामागचा दिवा याकडे नंतर बघतो (आणि या गोष्टीत घरामागच्या त्या दिव्याचा बल्ब कुणीतरी सैल करून ठेवलाय, तो खरा धागा आहे), आधी आईच्या तोंडाकडे बघतो. रडतेय का? किती रडतेय? जरा जास्तच रडतेय का?

माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण मी जवळून बघितलंय. माहेरी होती, आई, मावशी, आजी सगळ्या हाताशी, तेल लावायला बाई यायची, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, खीर, काही म्हणजे काही कमी नव्हतं. तरी दोन अडीच महिन्यांची झाली बाळ आणि ही संध्याकाळ झाली की खिडकीपाशी बसून राहायची, बाळ रडलं तरी उठायची नाही, आणि घरातल्या बायका आपसात म्हणायच्या की हिला माया कशी नाही गं. माया होती हो. झोप नव्हती, आणि आतून काहीतरी विझल्यासारखं झालं होतं, ते नंतर डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, औषध सुरू केलं आणि हळूहळू ती सावरली. जगभरात साधारण दहातल्या एकीला तरी हे होतं असं मानतात, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणाला तरी झालेलं असणार, फक्त नाव माहीत नसतं म्हणून त्याला 'माया नाही' म्हणतात. आता विचार करा, त्या महिन्यात जर त्या बाळाला काही झालं असतं तर त्याच बायकांनी पोलिसांना काय सांगितलं असतं? म्हणून अ‍ॅनची चौकशी वाचताना माझ्या पोटात गोळा येत होता.

आणि मग मला हिरकणी आठवली. आपल्याकडे आई म्हटलं की हिरकणी, शाळेच्या पुस्तकापासून. रायगडावर दूध विकायला गेली, कोजागिरीचा दिवस, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, पहारेकरी सोडेनात, आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधून घेतला. लहानपणापासून ऐकलेली आहे पण आता पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, हिरकणीसुद्धा बाळाला घरी ठेवूनच गेली होती की! आणि चुकीचं काय केलं तिने, पोट भरायचं होतं, दूध विकलं नाही तर खाणार काय. आपण तिला कधी हा प्रश्न विचारत नाही आणि विचारूही नये. पण ती घरी पोचली तेव्हा बाळ पाळण्यात होतं म्हणून ती गोष्ट बुरुजाची झाली. पाळणा रिकामा असता तर गावाने तिला काय काय विचारलं असतं, तू दरवाजा बंद व्हायची वेळ विसरलीस कशी, कुणाशी बोलत बसलीस, सणाच्या दिवशी जायची काय गरज होती. आईपण तेच, कडाही तोच.

हे सगळं गोष्टीतलं झालं. खरं घडलेलं बघायचं असेल तर ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनची केस वाचा, मी कादंबरी संपवल्यावर दोन रात्री तेच वाचत होते.

१७ ऑगस्ट १९८०. उलुरू, म्हणजे तो वाळवंटातला प्रचंड लाल खडक, तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणायचे. लिंडी, तिचा नवरा मायकल (तो सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा पाद्री), दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची अझारिया, तंबू ठोकून राहिले होते. रात्री बाळ तंबूत झोपलेलं, आईबाप बाकीच्या प्रवाशांबरोबर चुलीपाशी. रडण्याचा आवाज आला, लिंडी तंबूकडे गेली आणि ओरडली की डिंगोने माझं बाळ नेलं. डिंगो म्हणजे तिथला रानकुत्रा. शेजारच्या तंबूतल्या लोकांनी बाळाचा आवाज ऐकला होता, कुणी गुरगुर ऐकली होती. त्या भागातले मूळ रहिवासी, ज्यांची पिढ्यानपिढ्या वाळूत माग काढण्यात हयात गेली, त्यांनी डिंगोच्या पावलांचा माग दाखवला. आठवड्याभराने चारेक किलोमीटरवर बाळाचे रक्ताचे डाग पडलेले कपडे सापडले. पहिल्या चौकशीत, १९८१ च्या फेब्रुवारीत, कॉरोनरने (म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) स्पष्ट सांगितलं की डिंगोनेच नेलं, आईबापांचा दोष नाही, आणि हा निर्णय टीव्हीवर लाइव दाखवला.

इथे संपायला हवं होतं ना? नाही संपलं. कारण लोकांना लिंडी आवडली नव्हती. ती टीव्हीवर शांतपणे बोलायची. डिंगो कपड्यातून बाळ कसं काढू शकतो हे ती सरळ आवाजात समजावून सांगायची. कोर्टात रोज वेगळा ड्रेस, गॉगल, त्यावर पेपरात चर्चा. त्यांचा धर्मपंथ लोकांना नीट माहीत नव्हता, म्हणून अफवा, की बाळाचा बळी दिला. बाळाला काळा फ्रॉक शिवला होता म्हणे, कोण आई बाळाला काळं घालते! (आपल्याकडे संक्रांतीला, बोरन्हाणाला काळं घालतोच की आपण, कौतुकाने.) मग केस परत उघडली आणि या वेळी फॉरेन्सिकवाले आले. त्यांच्या गाडीत डॅशबोर्डखाली तान्ह्या बाळाचं रक्त उडालेलं सापडलं असं सांगितलं गेलं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की जी काही मिनिटं ती चुलीपासून लांब होती तेवढ्यात तिने गाडीत बसून बाळाचा गळा कापला आणि येऊन परत बसली. कारण काय? कारण त्यांनी दिलंच नाही. प्रेत नाही, हत्यार नाही, हेतू नाही. २९ ऑक्टोबर १९८२ ला डार्विनच्या कोर्टात ज्युरीने दोषी ठरवलं, जन्मठेप, तीही सक्तमजुरीची. नवऱ्याला पुरावा लपवायला मदत केली म्हणून, पण त्याची शिक्षा स्थगित. त्या वेळी लिंडीचे दिवस भरत आलेले होते. पुढच्याच महिन्यात तिला मुलगी झाली आणि ती तिच्यापासून काढून घेतली.

मी इथे वाचता वाचता थांबले. खरंच पुढे जाववेना.

तीन वर्षांहून जास्त ती तुरुंगात. एक गोष्ट ती सुरुवातीपासून सांगत होती, की बाळाच्या अंगात वरून एक विणलेलं जॅकेट होतं. ते सापडलं नव्हतं, त्यामुळे सरकारी पक्ष म्हणायचा ही खोटं बोलतेय, कपड्यावर डिंगोची लाळ का नाही याला उत्तर हवं म्हणून जॅकेट बनवून सांगतेय. १९८६ मध्ये एक प्रवासी त्या खडकावरून पडून मेला, त्याला शोधायला माणसं गेली आणि शोधता शोधता डिंगोंच्या गुहा आहेत अशा जागी ते जॅकेट सापडलं. म्हणजे एका परक्या माणसाचा मृत्यू झाला नसता तर कदाचित ती आतच राहिली असती. काही दिवसांत सोडलं तिला. मग आयोग बसला, त्यात कळलं की गाडीतलं ते तान्ह्या बाळाचं रक्त बहुतांशी गाडी बनवताना आवाज कमी व्हावा म्हणून मारलेलं कंपाउंड होतं. सप्टेंबर १९८८ ला शिक्षा रद्द झाली. आणि मृत्यूच्या दाखल्यावर डिंगो हे कारण यायला २०१२ साल उजाडलं, चौथी चौकशी. बत्तीस वर्षं! कॉरोनरबाईंनी आईबापांना, तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं, असं भर कोर्टात म्हटलं, त्यांचा आवाज कापत होता.

आता परत कादंबरीकडे वळले तर अ‍ॅनची चौकशी मला अजिबात काल्पनिक वाटेना. शांत राहिली तर थंड, रडली तर नाटक, औषध घेते तर वेडी, नाही घेत तर बेजबाबदार.

पण आपल्याकडे हा संशय असाच आईवर जातो का? नेहमी नाही, आणि यावर मी बराच विचार केला. महाराष्ट्रात मूल हरवलं की पहिलं मनात येतं ते 'मुलं पळवणारी टोळी'. त्याला कारण आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, १९९६ ला पकडल्या, लहान मुलांना पळवून चोऱ्या करताना ढालीसारखं वापरायच्या आणि नको झालं की मारून टाकायच्या. आमच्या पिढीला लहानपणी त्यांच्या नावाने घराबाहेर पाठवायचे नाहीत. ती भीती खरी होती. पण तीच भीती पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं? नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, आठवडी बाजारात आले होते, मुलं पळवायला आलेत अशी हूल उठली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. एकही मूल हरवलेलं नव्हतं. एकही नाही.

शहरात हाच संशय कामवाल्या मावशींवर, वॉचमनवर, ड्रायव्हरवर जातो. आरुषी तलवारच्या केसमध्ये काय झालं आठवा, मे २००८, नोएडा, राहत्या घरात या शाळकरी मुलीचा खून. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले नोकर हेमराज पळालाय, त्यानेच केलं, शोधा त्याला. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचा मृतदेह. एक दिवस तो माणूस मरून वर पडलेला आणि खाली सगळा देश त्याला खुनी म्हणतोय. आणि तो संशय तिथून उठला तो थेट आईबापांवर. नूपुर तलवार मूळच्या मराठी घरातल्या, त्यांची टीव्हीवरची मुलाखत बघून आपल्याकडेही किती घरांत तेच बोललं गेलं, बघ ना, डोळ्यात टिपूस नाही. २०१३ ला जन्मठेप, २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. आजही हा विषय काढा, दहातली सहा माणसं पुराव्याबद्दल काही बोलणार नाहीत, तिच्या चेहऱ्याबद्दल बोलतील.

म्हणजे पोलिसांनी आईबापांना विचारूच नये असं मी म्हणत नाहीये हां. विचारायलाच हवं, शेवटचं बघितलेलं त्यांनीच असतं, आणि लहान मुलांना इजा करणारे बऱ्याचदा घरातलेच निघतात हेही खरं आहे. रासबाख मला म्हणूनच आवडला, तो सगळ्यांवर संशय घेतो पण त्याला घाई नाही, टायरचे ठसे बघतो, बल्ब बघतो, बँकेचे कागद बघतो. आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि उलट काही सिद्ध होत नाही तोवर अपहरण किंवा मानवी तस्करी असंच धरून तपास सुरू करायचा. ही फार मोठी गोष्ट आहे कारण त्याआधी 'येईल हो, नातेवाईकांकडे बघा' असं म्हणून गरिबांना परत पाठवायचे. कुणाचं मूल दिसत नसेल तर चोवीस तास वाट बघायची वगैरे काही नसतं, लगेच स्टेशनला जायचं, १०९८ ला (लहान मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करायचा. हे माहीत असू द्या.

आता शेवटाबद्दल. ज्यांना वाचायचीये त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

माझा या पुस्तकावर राग आहे तो इथे. जवळजवळ सबंध पुस्तकभर लेखिका आपल्याला दाखवते की बघ, तू उगाच आईवर संशय घेत होतास, खरा खेळ पैशाचा होता आणि तो खेळणारे घरातले पुरुष होते, नवरा आणि सासरा. किती ताकदीचं आहे हे! आणि मग शेवटच्या काही पानांत काय करते तर अ‍ॅनच्याच हातून, तिला भान नसताना, सिंथियाचा खून. म्हणजे शेवटी ती 'धोकादायक' निघालीच. वाचक म्हणून धक्का बसतो, पुस्तक खाली ठेवताना 'बापरे' होतं, ते मान्य. पण ज्या बाईला आजारी म्हणून सगळ्यांनी छळलं तिचा आजारच धक्क्यासाठी वापरून टाकला. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वेगळं, भान हरपणारा आजार वेगळा, बाळंतपणानंतर तसा होणारा सायकोसिस हजारात एक-दोघींना होतो, आणि साध्या डिप्रेशनमधल्या बाईकडून धोका असलाच तर तो दुसऱ्यापेक्षा तिला स्वतःलाच जास्त असतो. लेखिका तिच्या भान हरपण्याला जुन्या आजाराचं कारण देते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात हे सगळं एकच होऊन बसतं. माझ्या वहिनीसारखी कुणी हे वाचत असेल तर तिला काय वाटेल, हा विचार मला सोडवत नाही.

(इथून पुढे सगळ्यांनी वाचा.)

तरी वाचा असंच म्हणेन. भाषा सोपी, वर्तमानकाळात सांगितलीये, एका बैठकीत होते. फक्त वाचताना एक करा, दर पन्नास पानांनी थांबून स्वतःला विचारा की आत्ता माझा संशय कुणावर आहे आणि त्याचं कारण वस्तू आहे की वागणं. मी पेन्सिलने समासात लिहीत गेले, आणि सगळ्यात जास्त वेळा जे नाव आलं त्याच्यापुढे एकही वस्तू नव्हती.

आणि मला ना हे मराठीत हवंय. डोंबिवलीतली किंवा पिंपरीतली एखादी सोसायटी, पाचवा मजला, समोरच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण, बाळ झोपलंय म्हणून दार नुसतं ओढून घेतलेलं. मूल सापडत नाही म्हटल्यावर पहिला फोन कुणाला जाईल, पहिली थोबाडीत कुणाला बसेल, वॉचमनला का मावशींना, सोसायटीच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता काय काय मेसेज पडतील, सासू पोलिसांपुढे सुनेबद्दल काय बोलेल आणि आईची आई काय लपवेल, लिफ्टमधला कॅमेरा चालू होता की चार महिने बंदच होता आणि मेंटेनन्सचे पैसे गेले कुठे. त्यात त्या मावशींना आडनाव असावं, घर असावं, त्यांचं स्वतःचं लहान मूल त्या रात्री कुणाकडे ठेवलं होतं हेही यावं. कुणी लिहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, किंवा असं काही मराठीत आधीच असेल आणि माझ्या वाचनात आलं नसेल तर नाव द्या, मागवते लगेच.